किती कमाई झाली की मोठी गाडी आणि लांबच्या सहली परवडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं कमावता, चाळिशीच्या आत आहात, आठ वर्षांची मुलगी आहे, घराचं कर्ज चालू आहे. गेल्या पाच वर्षांत दोघांचं मिळून उत्पन्न जवळपास दुप्पट झालं. आता जुनी छोटी गाडी काढून मोठी घ्यावी आणि वर्षातून एकदा लांबची सहल करावी, असं मनात आहे. बरोबरीचे सहकारी दोन्ही करताना दिसतात. पण आत कुठेतरी धाकधूक आहे, म्हणून विचारता आहात की नेमकं किती उत्पन्न झालं की असा खर्च योग्य म्हणायचा.

तेवीस वर्षं मी लोकांच्या घरचे हिशेब बघतोय आणि हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे: नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलांनी, दवाखाना जोरात चालणाऱ्या डॉक्टरांनी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या गृहस्थांनीही. प्रत्येकाला एक आकडा हवा असतो. सुरुवातीच्या काळात मी आकडा सांगायचोही. तो सांगणं सोडलं ते दोन कुटुंबांमुळे. एकाच वर्षी दोन्ही घरांत नोकरी गेली. पहिल्या घराचं उत्पन्न दुसऱ्याच्या अडीचपट होतं. दारात दोन गाड्या, दोन्ही हप्त्यांवर, आणि आधीच्या सुट्टीचे पैसेही अजून कार्डावर फिटत होते. चौथ्या महिन्यात ते मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली गुंतवणूक मोडायला माझ्याकडे आले. दुसऱ्या घरात एक वर्षाआड लांबचा प्रवास व्हायचा, गाडी बऱ्यापैकी होती आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेली होती. त्यांनी अकरा महिने नोकरीशिवाय काढले, गाडी विकावी लागली नाही. सढळ खर्च कोणाला परवडत होता, हे पगाराची स्लिप बघून सांगता आलं नसतं.

म्हणून मी आता रकमेत बोलत नाही. तुमच्या घरात दर महिन्याला कर वगैरे वजा जाऊन जे हाती येतं त्याला १०० म्हणू या. पुढचे सगळे आकडे त्या शंभराच्या हिशेबाने वाचा, म्हणजे ते कुणालाही स्वतःच्या घराला लावून बघता येतील.

या शंभरातून आधी जातं ते टाळता न येणारं: घराचा हप्ता किंवा भाडं, किराणा, शाळा, औषधपाणी, विमा, आईवडिलांकडे जाणारे पैसे. मग उद्यासाठीचं: म्हातारपण, मुलांचं शिक्षण, अडीअडचणीचा राखीव निधी. हे दोन्ही काढल्यावर उरते ती मोकळी रक्कम. गाडी आणि सहल यांचा अधिकार फक्त तिच्यावर आहे. माझ्या अनुभवात टाळता न येणारा भाग ५० च्या आत आला, २० न चुकता उद्यासाठी जाऊ लागले आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका निधी बाजूला पडला, की गाडी आणि सहली मिळून २० पर्यंत खर्च करताना रात्रीची झोप उडत नाही. टाळता न येणारा भाग ६५ च्या वर असेल तर सढळ खर्चाचा विषयच काढू नये, मग पगार कितीही मोठा असो. आणि तो ३५ च्या आसपास असेल, उद्यासाठी ३० जात असतील, तर उरलेल्या ३५ पैकी बहुतेक सगळे तुम्ही चाकांवर आणि विमानांवर उडवलेत तरी मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही ते कमावले आहेत आणि उद्याचं देणं चुकवून मगच खर्च करता आहात.

टक्केवारीचा एकच नियम सगळ्यांच्या गळ्यात का बांधू नये, याचं कारण जुनं आहे. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावर जाणारा हिस्सा घटत जातो. माणूस दुप्पट कमावू लागला म्हणून दुप्पट जेवत नाही. त्यामुळे उत्पन्न वाढताना मोकळी रक्कम उत्पन्नापेक्षा जास्त वेगाने वाढायला हवी. तुमचं उत्पन्न दुप्पट झालं आणि मोकळी रक्कम तेवढीच राहिली असेल, तर वाढलेला पैसा गरजांचं नाव लावून आधीच कुठेतरी खर्च झाला आहे. मोठं घर, महागडी शाळा, दर महिन्याची सदस्यत्वं. हे सगळं एकदा गरज म्हणून लिहिलं गेलं की त्याकडे परत कुणी बघत नाही. गाडी परवडते का हे बघायच्या आधी ही यादी पुन्हा काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक घरांत तिथेच ५ ते ८ सापडतात.

आता गाडी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. शोरूममध्ये बोलणं हप्त्याचं होतं, आणि हप्ता हा गाडीच्या खर्चाचा एक तुकडा आहे. समजा तुम्ही एका वर्षाच्या उत्पन्नाइतकी, म्हणजे १,२०० ची गाडी घेतली. २४० आगाऊ भरले, ९६० चं कर्ज ९ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं. हप्ता येतो जवळपास २४. इंधन, विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, टोल मिळून महिन्याला ९ धरा. म्हणजे चार वर्षं दर महिन्याला ३३. तुमच्या कमाईचा तिसरा हिस्सा.

आता पाच वर्षांनी गाडी विकली असं धरून मागे वळून हिशेब करू. नवी गाडी पहिल्या वर्षातच साधारण पाचवा हिस्सा किंमत गमावते आणि पाच वर्षांनी निम्म्याच्या आसपास उरते. मॉडेलप्रमाणे आणि वापराप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे किमतीतली घट ६००, व्याज १८७, चालवण्याचा खर्च ५४०. एकूण १,३२७. गाडी विकून आलेले पैसे धरूनही पाच वर्षांत तेरा महिन्यांपेक्षा जास्त काळाची कमाई त्या गाडीत गेली. दर महिन्याचे २२. हेच गणित चार महिन्यांच्या उत्पन्नाइतक्या, म्हणजे ४०० च्या गाडीला लावा. त्याच शर्तींवर हप्ता ८, चालवण्याचा खर्च ६, एकूण १४. ही गाडी सर्वसाधारण कमावत्या घराला झेपते. सल्लागारांमध्ये २०-४-१० असा एक ठोकताळा चालतो: २० टक्के रक्कम आगाऊ, कर्ज ४ वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि गाडीचा सगळा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आत. मला तो १० थोडा कडक वाटतो, मी हाती येणाऱ्या पैशाच्या १५ पर्यंत जाऊ देतो. पण त्यातल्या ४ वर्षांच्या अटीवर मी ठाम आहे. सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली गाडी तुमची झालेली नसते तोवर तिची किंमत अर्ध्याहून खाली गेलेली असते, आणि मध्येच विकायची वेळ आली तर विकूनही कर्ज फिटत नाही. असे लोक मी पाहिले आहेत. गाडी गेली, वर खिशातून पैसे भरावे लागले.

वर्षाच्या कमाईइतकी गाडी मग कधी घ्यावी? गरजांचा भाग ३५ पर्यंत खाली आला असेल, उद्यासाठी ३० सुरू असतील आणि निम्मी किंमत रोख भरायची तयारी असेल तेव्हा. कर्ज ६०० चं राहतं, हप्ता १५, चालवण्याचे ९, एकूण २४. वर सहलींसाठी ८ धरले तरी ३२ होतात आणि उरलेल्या ३५ मध्ये बसतात. निम्मी किंमत रोख भरता येणं ही मला नेहमी चांगली खूण वाटते. ज्याला एवढे पैसे आधी साठवता आले त्याच्या घरात शिल्लक खरोखर पडते, कागदावर नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मोठी गाडी एकदा दारात आली की माणूस मागे फिरत नाही. पाच-सहा वर्षांनी ती बदलताना कुणी लहान गाडी बघत नाही, थोडी आणखी वरची बघतो. १९४९ मध्ये जेम्स ड्यूसेनबेरी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: उत्पन्न वाढताना खर्च सहज वर चढतो, उत्पन्न घटलं तरी तो त्या मानाने खाली येत नाही. म्हणून गाडीचा खर्च मी एकदाचा खर्च मानतच नाही. तो तुमच्या राहणीमानात कायमचा जमा होतो आणि निवृत्तीनंतरही तुमच्याबरोबर येतो.

याचा अर्थ आकड्यात बघा. विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराचा इतिहास तपासून असं मांडलं की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा पुंजीचे ४ टक्के काढले आणि पुढे महागाईनुसार तेवढेच वाढवत नेले, तर पैसा तीस वर्षं पुरतो. ४ टक्के म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी. महिन्याच्या खर्चात मोजलं तर ३०० पट. म्हणजे राहणीमानात महिन्याला १ ची कायमची भर घातली की म्हातारपणासाठी ३०० जास्त साठवावे लागतात. वरच्या मोठ्या गाडीचे महिन्याचे २२ आणि ४०० च्या गाडीपेक्षाही लहान गाडीचे समजा ८, फरक १४. ही सवय आयुष्यभर राहिली तर पुंजीत ४,२०० जास्त लागतील. बेचाळीस महिन्यांची कमाई. आणि ती जमवायची कशातून, तर हे १४ जाऊन जे उरतं त्यातून. दर वेळी हा हिशेब समोर ठेवला की समोरचा माणूस गप्प होतो. मला त्याला घाबरवायचं नसतं. पण गाडीची खरी किंमत हीच आहे आणि ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही, त्यामुळे ती सांगणं माझं काम आहे असं मी मानतो.

आपल्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणतात. मला हे वाक्य घातक वाटतं. हौसेला मोल असतं, आणि ते लिहून काढलं तर हौस टिकते. ज्यांनी लिहून काढलं, त्यांना पुढच्या दहा वर्षांत ती मध्येच सोडावी लागली नाही.

सहलींचा स्वभाव अगदी वेगळा आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत मी बराच मोकळा आहे. एखाद्या वर्षी नोकरीत गडबड झाली तर सहल रद्द करता येते, दर महिन्याला तिचा हप्ता येत नाही, विमा भरावा लागत नाही, ती गंजत नाही. दोन वर्षं गेलो नाही म्हणून कुणाचं अडत नाही. थांबवता येणारा खर्च आणि न थांबवता येणारा खर्च यांना एकाच तराजूत घालणं ही माझ्या मते या प्रश्नातली सर्वांत मोठी चूक आहे. लोक दोन्हींना चैन म्हणून एका ओळीत लिहितात. माझ्या वहीत दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात. साधारण घरासाठी वर्षभराच्या सगळ्या सहली मिळून एका महिन्याच्या उत्पन्नाइतक्या, म्हणजे १०० पर्यंत असाव्यात. दर महिन्याला ८ वेगळ्या खात्यात पडत राहिले की तेवढे जमतात. गरजा ३५ पर्यंत खाली आल्या असतील तर दोन महिन्यांचं उत्पन्नही चालेल.

फक्त एक अट, आणि ती मोडायला मी कुणालाच हो म्हणत नाही. सहलीसाठी कर्ज काढायचं नाही. कार्डाचे हप्तेही नाहीत, व्याज नाही असं सांगितलं तरी नाहीत. ऋण काढून सण करणाऱ्याला आपली भाषा शहाणा म्हणत नाही, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. शिवाय यात आनंदाचाही तोटा आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांचा एक अभ्यास झाला. सुट्टीवर जाणारे लोक निघण्याच्या आधी इतरांपेक्षा जास्त खुश होते, वाट बघण्यातला आनंद मोठा होता. परत आल्यावर मात्र सुट्टीवर गेलेले आणि न गेलेले यांच्यात फरक उरला नाही. अपवाद होता तो ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा. आता आधी पैसे साठवणाऱ्या घराचा विचार करा. वर्षभर डबा भरतोय, मुलं नकाशा काढून बसतात, पैसे पुरे होतात, तिकिटं काढली जातात. वाट बघण्याचा सगळा काळ त्यांचा. कर्जाने जाणाऱ्याला हे मिळत नाही, आणि परत आल्यावर उरतात ते बारा हप्ते.

याच अभ्यासातून मी आणखी एक व्यावहारिक गोष्ट घेतली. एका मोठ्या सहलीत सगळे १०० घालण्यापेक्षा ६० एका लांबच्या सहलीला आणि उरलेले दोन-तीन लहान सुट्ट्यांना द्यावेत. वाट बघणं तीनदा होतं. आणि निवांतपणा जपा. आठ दिवसांत पाच शहरं करणारी सहल महाग पडते ती प्रवासखर्चामुळे, आणि माणूस थकून परततो ते वेगळंच. हॉटेलचा दर्जा एक पायरी उतरवून एक दिवस जास्त राहिलेलं मला नेहमी बरं वाटतं.

गाडीच्या आनंदाबद्दलही मानसशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. गाडीमालकांना विचारलं की तुम्हाला तुमची गाडी चालवताना साधारण कसं वाटतं, तेव्हा महागड्या गाडीवाल्यांनी जास्त आनंद सांगितला. पण अगदी अलीकडच्या एखाद्या साध्या फेरीबद्दल विचारलं, तेव्हा गाडीच्या किमतीचा आणि आनंदाचा संबंध दिसला नाही. रोजच्या फेरीत डोक्यात गाडी नसते, ऑफिसचं काम असतं, पुढचा सिग्नल असतो, मागे बसलेलं मूल असतं. ज्यांना गाडी चालवणं हाच छंद आहे त्यांची गोष्ट वेगळी. रविवारी पहाटे उठून उगाच शंभर किलोमीटर जाऊन येणारी माणसं मी ओळखतो. त्यांनी सहली कमी करून गाडीवर खर्च केला तर मला ते पटतं. तुमच्या पत्रात मात्र गाडी चालवण्याच्या आवडीचा उल्लेख नाही, सहकाऱ्यांच्या गाड्यांचा दोनदा आहे. ही टीका समजू नका. लक्षात आलं म्हणून सांगितलं, कारण हा ओढा किती खोल असतो हे आकड्यांनी दाखवलेलं आहे.

नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. ज्या पोस्टकोडचा नंबर लागतो तिथल्या तिकीटधारकांना रोख बक्षीस मिळतं, आणि त्यांच्यातल्या एकाला नवी बीएमडब्ल्यू. अर्थशास्त्रज्ञांनी या विजेत्यांच्या शेजाऱ्यांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तिकीटही काढलं नव्हतं, ज्यांना एक पैसाही मिळाला नव्हता, अशा शेजारच्या घरांतसुद्धा गाड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. त्यांचं उत्पन्न तेच होतं, बदललं होतं ते शेजारच्या दारातलं दृश्य. कॅनडातल्या लॉटरी विजेत्यांवरचा अभ्यास तर आणखी गंभीर आहे: बक्षीस जितकं मोठं, तितकं जवळच्या शेजाऱ्यांचं दिवाळखोरीत जाण्याचं प्रमाण वाढलं. सहकाऱ्याची गाडी तुम्हाला दिसते. त्याचं कर्ज, त्याच्या सासऱ्यांनी दिलेला फ्लॅट, त्याचा न भरलेला विमा, हे काहीच दिसत नाही. मला ते दिसतं, कारण असे लोक कागद घेऊन माझ्यासमोर बसतात.

उत्पन्न किती पक्कं आहे, हेही बघायला हवं. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार मला रोजच्या कामात उपयोगी पडतो: माणसाचा खर्च त्याच्या कायम टिकणाऱ्या उत्पन्नावर बेतलेला असतो, एखाद्या चांगल्या महिन्यावर नाही. निदान असावा. नोकरीत असाल तर मूळ पगार कायमचा धरा, बोनस आणि शेअर्स कायमचे धरू नका. व्यवसाय असेल तर गेल्या पाच वर्षांतली सर्वांत वाईट दोन वर्षं घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तिला १०० म्हणा. व्यावसायिकांना हे ऐकून राग येतो, कारण चालू वर्ष नेहमी चांगलं दिसत असतं. पण गाडीसारखा अडकवणारा खर्च या पक्क्या उत्पन्नावरच करावा. सहलींसाठी बोनस वापरला तर माझी काही हरकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पैशातून थांबवता येणारा खर्च, ही जोडी जमते. चांगल्या वर्षाच्या जोरावर घेतलेली गाडी वाईट वर्षात दारातला हत्ती होते, तिला पोसावंच लागतं.

काही वेळा गाडीचा हिशेब वेगळा लागतो. तिच्यावाचून धंदा होत नसेल तर ती गाडी गरजेच्या भागात लिहा. घरात चाकाच्या खुर्चीवर असलेलं माणूस असेल आणि उंच, मोठ्या दाराची गाडी लागत असेल, तर तिथे मी टक्के मोजत बसत नाही. सुरक्षेसाठी थोडे जास्त पैसे मोजणंही योग्यच आहे, पण सुरक्षेचं नाव घेऊन काचेच्या छतापर्यंत जाऊ नका. आणि तीन वर्षं वापरलेली चांगली गाडी हा मार्ग लोक उगाच टाळतात. किमतीतली सर्वांत मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. मेकॅनिककडून नीट तपासून घेतली, सर्व्हिसिंगची नोंद बघितली, तर तीच मोठी गाडी तुमच्या हिशेबात बसू शकते.

बरेचजण मला एक अभ्यासही दाखवतात: डॅनिएल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेत वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही असं म्हटलं होतं. मग तेवढ्यावर थांबावं का? खुद्द कानेमन यांनी नंतर मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्याबरोबर २०२३ मध्ये आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक लोकांचा आनंद त्यापुढेही वाढत असल्याचं दिसलं. म्हणजे असा ठरावीक आकडा शोधून तुमचा प्रश्न सुटणार नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे १०० पैकी घराचा हप्ता २८, घरखर्च, शाळा आणि विमा मिळून ३७, गुंतवणूक १०, आणि उरलेले २५ कुठे जातात ते नीट सांगता येत नाही असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं आहे. राखीव निधी दोन महिन्यांच्या घरखर्चाइतका. वर्षाअखेरीचा बोनस दीड महिन्याच्या पगाराएवढा. जुनी गाडी विकली तर १२० यावेत.

तुमचा टाळता न येणारा भाग ६५ आहे. त्यामुळे मोठी गाडी आणि वार्षिक लांबची सहल दोन्ही एकदम आज नको, हे माझं स्पष्ट उत्तर. पण तुमची बाजू भक्कम होत चालली आहे. घराचा हप्ता २८ वर थांबलेला आहे आणि पगार वाढतोय, दर वर्षी तो हप्ता तुलनेने हलका होत जाईल. तेव्हा दोन वर्षांचा बेत करा. त्या २५ मधले १० लगेच गुंतवणुकीकडे वळवा, म्हणजे ती २० होईल. ५ सहलीच्या खात्यात, वर्षाला ६० जमतील. राहिलेले १० दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका, हप्ता असल्यासारखे, एकही महिना न चुकवता. ही सवय मी सगळ्यांना आधी लावायला सांगतो. गाडी नसताना ज्याला हप्ता जड जातो त्याला गाडी आल्यावरही जड जाणार, आणि हे खातं मोडायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून परीक्षा खरी होते. सहा महिन्यांत तीनदा त्यातून पैसे काढले गेले तर समजा की मोकळी रक्कम १० नव्हतीच.

दोन वर्षांत त्या खात्यात २४० होतील, जुन्या गाडीचे १२०, मिळून ३६०. तेव्हा ५०० ची गाडी बघा. कर्ज फक्त १४० चं लागेल, तीन वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साडेचारच्या आसपास, बाकीच्या साडेपाचात मोठ्या गाडीचा वाढलेला इंधन-विम्याचा खर्च भागेल. गाडी आज ठरवली आहे तेवढी मोठी नसेल, पण आताच्यापेक्षा नक्कीच मोठी असेल. दोन्ही वर्षांचा बोनस, म्हणजे ३००, राखीव निधीत जाऊ दे. दोन महिन्यांचा निधी सहा महिन्यांपर्यंत न्यायला तुम्हाला २६० लागतात, तेवढे त्यात भागून थोडे उरतील.

सहलीसाठी मात्र दोन वर्षं थांबू नका. साठ मध्ये एक मध्यम लांबीचा प्रवास आणि एक छोटी सुट्टी बसते. मुलगी आठ वर्षांची आहे. आणखी सहा-सात वर्षं ती आनंदाने तुमचा हात धरून हिंडेल, पुढे तिला मैत्रिणींबरोबर जायचं असेल. जायचं कुठे ते तिलाच निवडू द्या, आणि खातं या महिन्यात उघडा.